ठोकळ्यातला खडू

माझे हात गप्प बसत नाहीत. आजही नाहीत. बोलताना, ऐकताना, एस.टी.ची वाट बघत उभी असतानासुद्धा ते काहीतरी खुडत, सोलत, कुरतडत असतात. लहानपणी आई आल्यागेल्याला सांगायची, "हिला जागेवर बसवायची तर हातात अठळ्या द्याव्या लागतात सोलायला." आणि खरंच द्यायची. फणसाच्या दिवसांत पडवीत मी आणि अठळ्यांचं टोपलं असे दोघेच असायचो. टोपलं रिकामं झालं की घरात आदळआपट सुरू.

असल्या माणसानं बारावीनंतर काय करायचं? मेडिकल हुकलं. थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात ते सांगत नाही, अजून डोकं फिरतं. रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एससी.ला नाव घालून ठेवलं, हाताशी काहीतरी असावं म्हणून. पुढचा रस्ता मला पार शेवटपर्यंत दिसत होता: बी.एससी., मग बी.एड., मग एखादी शाळा. आई प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे त्या रस्त्यावरचा खड्डान् खड्डा मला पाठ होता. वाईट नव्हता तो रस्ता. पण त्यावर माझ्या हातांना काही काम नव्हतं, आणि हातांना काम नसलं की मी कशी होते ते घरच्यांना विचारा.

मला दातांचं डॉक्टर व्हायचं होतं. का, तर लहानपणी माझी दाढ किडली होती आणि आमच्या गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती भरताना माझ्या हातात आरसा दिला होता, हिनं चुळबुळ करू नये म्हणून. मी आरशात बघत बसले. एवढ्याशा जागेत त्यांची हत्यारं काय काय करत होती! घासत होती, कोरत होती, दाबून बसवत होती. मी म्हणे तासभर हलले नाही. आईला तो चमत्कारच वाटला होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे एकच खूळ.

घाटावर एक कॉलेज होतं, ते स्वतःची वेगळी परीक्षा घ्यायचं. लेखी पेपर आणि त्याशिवाय हाताची परीक्षा. जाड खडूची कांडी द्यायचे आणि कागदावर एक आकृती. त्या आकृतीसारखा खडू सुरीनं कोरून द्यायचा. वर टोक, मधे चौकोनी खांब, खांबाला एका बाजूनं खाच, असलं काहीतरी. दातांच्या डॉक्टरला डोक्याबरोबर हातही लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे ऐकलं आणि उडीच मारली. हात? हातच तर आहेत आपल्याकडे!

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आई म्हणाली. "आधी एक खडू तरी कोरून दाखव."

बाबा मुंबईला नोकरीला. गणपती आणि शिमग्याला उगवणार, एरवी घरात आई आणि मी. त्यामुळे जे काय ठरायचं ते आम्हा दोघींच्या भांडणात ठरायचं.

आईनं बाजारातून जाड खडूंचा डबा आणला. मी दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेतला आणि बसले. पहिला खडू मोडला. दुसरा मोडला. तिसऱ्याला टोक आलं, पण खांब करायला गेले आणि कटकन कंबरेतून गेला. पातं सोडून सुरी घेतली. आमच्या घरात सुरी एकच, ती पावाला लोणी लावायची, तिला धार म्हणून नाही. ती घासून घासून धार लावली, तर खडूबरोबर बोटही कापलं. संध्याकाळपर्यंत पडवीभर पांढरा भुगा आणि माझा रडवेला, पेटलेला चेहरा.

"जळ्ळं मेलं लक्षण ते," आई म्हणाली. "ऊठ, मला नीरफणस चिरून दे."

उठले, विळीवर बसले, पाटावर पाय दाबला आणि नीरफणसाच्या कापा करायला लागले. पातळ, सारख्या. आणि करता करता थांबलेच. अरे! हे तर येतंय की मला! नीरफणस खाली ठेवला, हात पुसले, खडू घेतला आणि विळीच्या पात्यावर हलकेच टेकवून फिरवला. पापुद्रा सुटावा तसा खडू सुटला. पुन्हा फिरवला. चौकोनाची एक बाजू झाली, सरळ, काचेसारखी. मग दुसरी. दोन्ही हातांत खडू, बोटं पुढेमागे, पातं आपलं जागच्या जागी ताठ उभं. आम्हा कोकणातल्या बायकांचं सगळं आयुष्य असंच कापण्यात जातं ना: भेंडी असो, बांगडा असो, फणस असो, पातं हलत नाही, वस्तू हलते. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून विळीवर बसलेली मी. सुरीनं का झगडत होते कोण जाणे.

त्या दिवसापासून मी सुटलेच. विळीचं टोक बारीक खाचेला आणि मधलं पोट सपाट बाजूला, असं माझं शास्त्र तयार झालं. त्रिकोण, षट्कोन, जिना, शंकू, काय म्हणाल ते. घरात भाजी उशिरा व्हायला लागली, कारण विळी कायम माझ्या पायाखाली. परीक्षेत सुरी देणार हे मला माहीत होतं, पण त्याचीही युक्ती काढली. सुरीची मूठ दोन गुडघ्यांत घट्ट धरायची, धार वर. झाली विळी! तशीही सवय केली. जमलं.

मला काळजी होती ती भलतीच. आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच सादळतं. मीठ सादळतं, पापड सादळतात, खडूसुद्धा. दमट खडू लोण्यासारखा कापला जातो. घाटावरच्या कोरड्या हवेतला खडू ठिसूळ निघाला तर? म्हणून मी खडू चुलीशेजारी ठेवून कडकडीत वाळवले आणि ते कोरले. आईला म्हटलं, "बघ, मी कसा पुढचा विचार करत्ये." आई म्हणाली, "बघत्ये हो. चूल खडूंना, आणि भात कशावर?"

कोरलेले चांगले चांगले खडू रुमालात गुंडाळून मी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा वर करून बघितला.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आपलं आपणच."

"हात आहे हो तुझा," ते म्हणाले. "जा, मिळेल तुला."

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. कशानं कोरले हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच वाटलं.

परीक्षेला आई रजा टाकून बरोबर आली. आंबा घाटात तिला गाडी लागली, आणि तोंडाला पदर लावून ती मला म्हणत होती, "घाई करू नको. शांतपणे कर." शांतपणे! मी सीटच्या कडेचं रेक्झिन सोलत बसले होते.

लेखी पेपर बरा गेला. मग आम्हाला एका लांबट खोलीत नेलं. लांब टेबलं, प्रत्येकाच्या जागेवर एक आकृती, एक सुरी आणि एक प्लास्टरचा पांढरा ठोकळा. खडू त्या ठोकळ्यात रोवलेला, जमिनीत खुंटा रोवावा तसा. मला वाटलं, उभा ठेवायची सोय केली असेल. मी खडू धरून ओढला. येईना. हलवून बघितला. जाम बसवलेला. आजूबाजूची मुलं कामाला लागली होती.

मग मी काय करावं? सुरी गुडघ्यांत धरली, धार वर, आणि तो दगडासारखा जड ठोकळा दोन्ही हातांनी उचलून खडूचं तोंड सुरीकडे केलं.

"ए बाई! काय चाललंय तुझं?" देखरेखीला असलेले परीक्षक धावत आले. उंच, तिरसट दिसणारे गृहस्थ. "ठोकळा टेबलावरनं उचलायचा नाही. ठेव की खाली!"

"पण सर, मग खडू फिरवायचा कसा?"

"खडू फिरवायचाच नाही. सुरी फिरवायची. उद्या पेशंटचं डोकं असंच उचलून फिरवणार आहेस काय?"

अख्खी खोली हसली. माझे कान तापले. ठोकळा ठेवला आणि सुरी हातात घेतली. आणि तेव्हा मला कळलं की मला काहीच येत नाही. काही म्हणजे काहीच नाही. खडू समोर स्थिर उभा आणि माझा उजवा हात अधांतरी. सुरी कुठं टेकवायची, किती दाबायची, काही अंदाज नाही. डावा हात सारखा ठोकळ्याकडे जाई, फिरवायला. पलीकडची बाजू करायची वेळ आली तेव्हा मी सरळ उठले आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

"आता हे काय? प्रदक्षिणा घालायला देऊळ आहे का हे? बस जागेवर!"

बसले. रागानं सुरी लावली. खडू मोडला. माझ्या खडूचा ठोकळ्यात नुसता बुडखा उरला, आणि मी वेळ संपेपर्यंत त्या बुडख्याकडे बघत बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यादी त्याच संध्याकाळी लागली. माझं नाव नव्हतं. ऑफिसातले कारकून बिचारे बरे होते. म्हणाले, लेखीत मार्क चांगले आहेत, हाताच्या परीक्षेत गेलीस. काही मुलं मेडिकलच्या जागा मिळाल्या की सोडून जातात, तेव्हा उरलेल्या जागांसाठी हाताची परीक्षा परत घेतात. कार्ड टाकू. पण ती शेवटची. त्यानंतर कॉलेजचं दार वर्षभर बंद.

परतीच्या गाडीत मी आईला सगळं सांगितलं. ठोकळा उचलला तिथं ती हसायलाच लागली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला तिचा असा राग आला!

"हस! तूच शिकवलंस ना विळीवर?"

"मी भेंडी चिरायला शिकवली गो," ती म्हणाली. "दात कोरायला नाही."

मग माझा चेहरा बघून ती थांबली आणि रत्नागिरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ही बाई झोपेतसुद्धा बोलते, त्यामुळे मला आणखीनच वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी विळीला हात लावायचा नाही असं ठरवलं. दिवसा कॉलेजात बी.एससी.च्या तासाला बसायचं, बाकाची कड नखानं उकरायची, आणि घरी येऊन कोरत बसायचं. खडू मातीच्या गोळ्यात रोवला. दोन मिनिटांत माझा डावा हात त्या गोळ्याला फिरवायला लागला. मला कळायचंसुद्धा नाही. जित्याची खोड! हात पाठीमागे बांधून घेतला, तर तोल जायला लागला. मग आमच्या मागच्या चिऱ्याच्या गडग्याचा, दगडी कुंपणाचा, विचार केला. जांभ्याच्या दगडाला भोकं असतातच. एका भोकात खडू ठोकून बसवला. आता फिरव बघू! गडगा काही फिरला नाही. पण मीच आडवी तिडवी व्हायला लागले, मान वाकडी, कंबर वाकडी. आणि दगडावरचा खडू म्हटल्यावर माझा सगळा राग त्याच्यावर निघे. सपासप सुरी मारायची. दिवसाला मूठ मूठ खडू मोडायची मी. शिवाय वरून पावसाची सर आली की खडूचा लगदा.

शेवटी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. झालेलं सांगितलं. तेही हसले. जो तो हसत होता माझ्यावर.

"मला वाटलं सुरीनं केलेत. विळीवर होय! अगं, तोंडातला दात फिरत नाही, आणि डॉक्टरचा हातही अधांतरी चालत नाही." त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि माझं चौथं बोट, करंगळीशेजारचं, टेबलावर दाबून ठेवलं. "हे बोट आधी टेकव. शेजारच्या दातावर, हनुवटीवर, जिथं जागा मिळेल तिथं. ते टेकलं की मगच हत्यार चालव. टेकलेलं बोट सुटलं की हत्यार सुटलं."

घरी येऊन गडग्यावर बोट टेकवलं तर खरबरीत दगडानं कातडी सोलवटली. मातीवर टेकवलं तर बोट आत रुतलं. मी सुरी फेकली. ती पडवीतून सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. आई शाळेतून नुकतीच आली होती. तिनं सुरी उचलली.

"कसली ही घिसाडघाई? दगडाला दुखत नाही म्हणून तू अशी वागत्येस."

"मग कुणाला दुखतं ते आणू?"

मी आपली फणकाऱ्यानं बोलले. आईनं डब्यातून एक खडू काढला, त्याच्या खालच्या टोकाला चिंधी गुंडाळली, पाट भिंतीशी लावला, भिंतीला डोकं टेकून बसली आणि ते चिंधीचं टोक पुढच्या दातांत धरलं. खडू तिच्या ओठांतून बाहेर. सुरी माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "ऊं."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"ऊं!" पुन्हा. आणि माझा हात धरून तिनंच माझं चौथं बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं.

मी सुरी लावली. पातं तिच्या ओठापासून एवढंसं लांब. तिचा श्वास माझ्या बोटांवर येत होता. मी इतका पातळ पापुद्रा काढला की खडूला कळलंसुद्धा नसेल. मग दुसरा. पहिल्या दिवशी एकच बाजू झाली आणि मी घामानं भिजले. पण खडू मोडला नाही.

रोज ती शाळेतून यायची, पाय धुवायची, चहा घ्यायची आणि पाटावर बसायची. सवय अशी की एकदा मी तिची हनुवटी धरून चक्क तिचं डोकं फिरवलं, नीरफणस फिरवावा तसं. तिनं माझ्या मांडीवर फाडकन चापटी मारली. त्यानंतर हे ठरूनच गेलं. मी फिरवायला गेले की चापटी. पहिल्या काही दिवसांत माझी मांडी लाल असायची. तिच्या पोटात किती खडू गेला असेल देव जाणे. "जाऊ दे," ती तोंड पुसत म्हणायची, "हाडं घट्ट होतील माझी." एकदा शेजारची काकू वाटीभर साखर मागायला आली आणि दारातच थबकली. आई भिंतीला टेकलेली, तोंडात खडू, आणि मी सुरी घेऊन तिच्या तोंडाशी. "अगो बाई, हे काय चाललंय?" काकू किंचाळली. आईला बोलता येईना, तिनं नुसता हात हलवून साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं.

आणि मग एके दिवशी सुरी सुटली. काही खास कारण नाही. मी पलीकडची बाजू करत होते, जी न बघता, नुसती अंदाजानं करायची, आणि मला घाई झाली. सुटकेची घाई, माझी नेहमीची. टेकलेलं बोट सरकलं. आईच्या खालच्या ओठाला चीर पडली आणि पांढऱ्या खडूवर लाल ओघळ आला. मी सुरी टाकून रडायलाच लागले. आईनं शांतपणे खडू काढला, चूळ भरली, ओठावर हळद दाबली.

"मी नाही जात कुठं," मी ओरडले. "मी करीन बी.एससी. मला नको ते डॉक्टर बिक्टर. तुला काही झालं असतं तर?"

"ओठ आहे तो. भरून येतो," ती हळदीच्या तोंडानं म्हणाली. "उद्या शाळेत काय सांगायचं ते मी बघीन. तू रडणं आवर."

शाळेत तिनं चहानं पोळलं म्हणून सांगितलं. सुजलेला ओठ घेऊन दिवसभर पाढे म्हणून घेतले. आणि संध्याकाळी पाय धुऊन, चहा बशीत निववून पिऊन, पाटावर येऊन बसली. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "कार्ड आलं तर काय सांगशील त्यांना? आईला चिरली म्हणून सोडलं?" आणि तोंडात खडू धरला.

फक्त त्या दिवसापासून ती डोळे मिटून बसायला लागली. मला वाटलं, कंटाळली बिचारी. दिवसभर चौथीच्या पोरांशी घसा फोडून येते, बसल्या जागी डुलकी काढत असेल. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. डोळे उघडे असले की ती माझ्या हाताकडे बघते आहे असं वाटायचं आणि माझं बोट थरथरायचं. आता कोणी बघत नव्हतं. ती शांत, भिंत शांत, आणि तिच्या हनुवटीवर टेकलेलं माझं बोट शांत. पुढे पुढे चापटी पडायची बंद झाली. मी एका बैठकीत पूर्ण आकृती कोरायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात एका जागी मुकाट बसले असतील तर ते तिथं.

गणपतीच्या तोंडावर कार्ड आलं. पुन्हा आंबा घाट, पुन्हा आईला गाडी लागणं, पुन्हा ती लांबट खोली. यावेळी मुलं मोजकीच होती आणि जागा त्याहून कमी. तेच उंच परीक्षक. मला ओळखलं त्यांनी. माझ्या टेबलाशी येऊन उभेच राहिले, ही आता काय करते ते बघायला.

मी ठोकळ्याला हात लावला नाही. चौथं बोट प्लास्टरवर टेकवलं. थंड होतं, आणि हलत नव्हतं. श्वाससुद्धा घेत नव्हतं. इतकं सोपं काम मला त्या दिवसांत कुणी दिलं नव्हतं. मी कोरत गेले. ते कधी निघून गेले मला कळलंच नाही. खाच झाली, टोक झालं, पलीकडची बाजू झाली, आणि बाहेरून घंटा ऐकू आली तेव्हा मी फुंकर मारून भुगा उडवत होते.

यादी व्हरांड्यात लागली. मी पुढे जाईना. मला जागचं हलवेना. आईच गर्दीत घुसली, चष्मा सारखा करून वरून खाली वाचत गेली आणि मागे वळून नुसती मान हलवली. हो म्हणून. मग मी तिथंच, सगळ्यांसमोर, उड्या मारल्या. कोणाची लाज वाटली नाही.

प्रवेशाच्या कागदांवर सह्या करायला ऑफिसात गेलो, तर परीक्षक तिथंच बसले होते.

"ठोकळा उचलणारी तूच ना? इतक्या दिवसांत हात कसा काय बसला तुझा? कुठं क्लास लावलास?"

मी सांगितलं. आईच्या तोंडात खडू धरून केलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे. तिच्या ओठावर अजून बारीक रेघ होती.

"काय बाई तुम्ही," ते हळूच म्हणाले. "भीती नाही वाटली?"

"वाटायची हो," आई म्हणाली. "रोज वाटायची. ओठ कापला त्यानंतर तर शाळेतून घरी यायलाच नको वाटायचं. पण डोळे उघडे ठेवले असते तर हिला दिसलं असतं ना. मग हिनं सुरीच नसती धरली हातात."

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती साडीवर पडलेलं कसलंतरी कुसळ काढत होती. मी तिला दमलेली समजत होते. रोज, इतके दिवस, तिच्या तोंडाशी बसून मला वाटत होतं, ही डुलक्या काढते आहे.

"अगं मग बोलली का नाहीस?" मी तिथंच, त्या ऑफिसात, ओरडले. "एकदा तरी बोलायचंस की!"

"बोलणार कशी?" आई म्हणाली. "तोंडात खडू होता ना."

सर हसले. कारकूनही हसले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, इथं सही कर म्हणून. मी पेन घेतलं, पण हात असा कापायला लागला की मला ते कागदावर टेकवता येईना.